एका नेकच्या पेडल स्टील गिटारसाठी कोणते ट्युनिंग घ्यावे?

प्रश्न : नौपाडा, ठाणे

नमस्कार मंडळी,

मी अनेक वर्षे सहा तारांची इलेक्ट्रिक हवायन गिटार वाजवतो. ठाण्यातल्या एका हौशी वाद्यवृंदात आम्ही भावगीते आणि जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीते सादर करतो. गाण्याआधीचे आणि दोन कडव्यांमधले तुकडे बहुधा माझ्याकडे असतात, आणि प्रत्येक कार्यक्रमात एखाद-दुसरे गाणे गायकाविना संपूर्ण गिटारवर वाजवावे लागते. माझ्या तारा खर्जाकडून वर सा-प-सा-ग-प-सा अशा जुळवलेल्या असतात. एकेरी सुरावटीला एवढे पुरते आणि मींडही मनासारखी येते, परंतु दोन-तीन स्वर एकत्र घ्यायचे म्हटले की मेजर कॉर्डच्या पुढे हात जात नाही. डाव्या हातातला पोलादी बार तिरका धरून मायनर कॉर्डचे दोन स्वर मिळतात, पण स्वर लांबवला की ते डळमळतात, आणि शेजारी सिंथेसायझर वाजत असेल तर ते लगेच कानाला खुपते.

म्हणून आता पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्यांनी तारांचे स्वर बदलता येणारी आडवी गिटार, घ्यायचे ठरवले आहे. वाद्य एकाच नेकचे, म्हणजे तारांचा एकच संच असलेले, हवे, कारण ते मला ठाणे-वाशी लोकलने न्यावे लागते, आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा आमच्या गडकरी रंगायतनमध्ये विंगेतून रंगमंचावर आणून मांडायला मिळणारा वेळ अगदी थोडा असतो. हे वाद्य हाताळून पाहता येईल असे दुकान मला जवळपास सापडलेले नाही. परदेशातल्या कारागिराकडे मागणी नोंदवायची तर ट्युनिंग आधीच कळवावे लागेल, कारण तारा ओढणाऱ्या खालच्या ओढकांड्या त्यानुसारच बसवल्या जातात, असे समजले.

वाचनातून तीन पर्याय समोर आले आहेत: १० तारांचे ई-९, १० तारांचे सी-६ आणि दोन्हींचा मेळ घालणारे १२ तारांचे युनिव्हर्सल. कंट्री संगीत मला आवडते, पण माझे मुख्य काम भावगीतांचे आणि रागाधारित चालींचे आहे. अशा वेळी सर्वांत जास्त कामांना उपयोगी पडणारे ट्युनिंग कोणते मानावे? सरगमच्या हिशेबात कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील, कारण मी स्वर इंग्रजी अक्षरांत मोजत नाही.

उत्तर : वाशी, सेक्टर १७

नमस्कार. माझे मत आधी सांगतो: १० तारांचे ई-९ घ्यावे, आणि त्यावर तीन पेडल व पाच नी-लीव्हर (गुडघ्याने ढकलायच्या दांड्या) असल्याची खात्री करून घ्यावी. मोकळ्या तारा काय बोलतात यावर वाद्याची व्याप्ती फारशी ठरत नाही. बार एकाच खुणेवर (पडद्याच्या जागी आखलेल्या रेषेवर) ठेवून पाय आणि गुडघे किती स्वर बदलू शकतात, यावर ती ठरते, आणि त्या कसोटीवर ई-९ आपल्या कामाला सर्वांत जवळचे आहे.

सरगममध्ये सांगतो. ई हा षड्ज, म्हणजे पांढरी तीन, धरावा. वादकापासून सर्वांत दूर असलेल्या तारेपासून मोजले तर पहिली तार रे, दुसरी नि, तिसरी ग, चौथी सा, पाचवी प, सहावी ग, सातवी रे, आठवी सा, नववी कोमल नि आणि दहावी प. आठवी तार मध्य सप्तकाचा सा मानली तर चौथी म्हणजे तार सप्तकातला सा, पहिली आणि तिसरी म्हणजे तार सप्तकातले रे आणि ग, तर नववी आणि दहावी मंद्रातली. एक गोष्ट सुरुवातीला हाताला चकवते: पहिल्या दोन तारा क्रमाने चढत नाहीत. सर्वांत उंच स्वर तिसऱ्या तारेचा आहे, आणि दुसरी तार चौथीपेक्षाही अर्ध्या स्वराने खाली आहे. या दोन तारा अमेरिकी वादक बडी एमन्स यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला घातल्या आणि त्यांच्यामुळेच सप्तक भरून निघाले.

आता पेडल. पहिले, ज्याला ए म्हणतात, ते पाचव्या आणि दहाव्या तारेवर प चा ध करते. दुसरे, बी, तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर ग चा म करते. तिसरे, सी, चौथ्या तारेवर सा चा रे आणि त्याच वेळी पाचव्या तारेवर प चा ध करते. गुडघ्यांच्या लीव्हरपैकी एक चौथी आणि आठवी तार अर्धा स्वर चढवून सा चा कोमल रे करतो. यालाच एफ लीव्हर म्हणतात. दुसरा त्याच तारा अर्धा स्वर उतरवून सा चा नि करतो. तिसरा दुसऱ्या तारेवरचा नि कोमल करतो, आणखी दाबल्यास ध पर्यंत नेतो, आणि बहुधा नववी तारही कोमल नि वरून ध वर आणतो. चौथा पहिल्या तारेवर रे चा कोमल ग करतो. पाचवा, गुडघा वर उचलून चालवायचा उभा लीव्हर, पाचव्या आणि दहाव्या तारेवर प चा तीव्र म करतो.

हे सगळे एकत्र ठेवून पाहावे. आठवी सा, सातवी रे, सहावी ग, पाचवी प, पाचवीच ए पेडलसह ध, चौथी सा: बार जागेवरून न हलवता भूप उभा राहिला. त्यात पाचव्या तारेवर उभ्या लीव्हरने तीव्र म आणि दुसऱ्या तारेवरचा नि मिळवला की यमनचे सातही स्वर एकाच खुणेवर येतात, आणि पुढे पहिल्या व तिसऱ्या तारेवर तार सप्तकातले रे-ग आहेतच. तीव्र म ऐवजी सहाव्या तारेवर बी पेडल दाबले की बिलावल. याचा अर्थ रागाधारित चाल पायाने वाजवावी असा मात्र नाही. मींड बारचीच असली पाहिजे, आणि आंदोलित स्वर लीव्हरने काढला तर तो निर्जीव वाटतो. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर हिंदुस्थानी संगीत सिद्ध केले ते बारच्या जोरावरच, आणि आपला हात त्याच परंपरेत तयार झालेला आहे. पेडलांचा उपयोग असा की मुख्य स्वर लांबलेला असताना त्याच्या खालचा किंवा वरचा दुसरा स्वर त्याच जागेवर हलू शकतो, आणि तिरक्या बारने ते साधत नाही.

कॉर्डच्या बाबतीत तर लाभ आणखी मोठा आहे. एकाही पेडलशिवाय सा-ग-प. ए आणि बी एकत्र दाबले की म-ध-सा. एकटे ए दाबले की ध-सा-ग, म्हणजे मायनर. बी आणि सी दाबले की रे-म-ध, हीदेखील मायनर. सा उतरवणारा लीव्हर दाबला की ग-प-नि, आणि त्याच लीव्हरसह सातवी तार घेतली की प-नि-रे. जुन्या चित्रपटगीताला लागणाऱ्या बहुतेक सगळ्या कॉर्ड एका खुणेवर मिळाल्या. शिवाय एकच मेजर कॉर्ड तीन जागी मिळते. गायकाचा षड्ज काळी एक असेल तर ती नवव्या खुणेवर पेडलविना, बाराव्या खुणेवर ए पेडल आणि एफ लीव्हरसह, आणि चौथ्या किंवा सोळाव्या खुणेवर ए-बी एकत्र दाबून मिळते. एका जागेवरून दुसरीकडे सरकताना जो प्रवास ऐकू येतो, तोच या वाद्याचा खास आवाज आहे. अमेरिकी वादक बड आयझॅक्स यांनी १९५३-५४च्या सुमारास तार वाजत असतानाच पेडल दाबण्याची रीत ध्वनिमुद्रणात आणली, तेव्हापासून ई-९ त्याच दिशेने वाढत गेले.

शेवटचे कारण व्यवहारातले आहे. आपल्याकडे या वाद्याचे शिक्षक सहज मिळत नाहीत. पुस्तके, धडे आणि तारांचे तयार संच मागवूनच शिकावे लागते, आणि त्यांतले बहुतेक ई-९ साठी असतात.

उत्तर : नेरूळ

वरील विवेचन मला फार आवडले, सरगममध्ये मांडलेले तर विशेष. तरीही निष्कर्षाशी मी सहमत नाही. प्रश्नकर्त्या दादांनी लिहिले आहे की गायकाविना संपूर्ण गाणे वाजवावे लागते. त्या कामासाठी सी-६ अधिक योग्य आहे असे मला वाटते.

सी हा षड्ज, पांढरी एक, धरला तर सी-६ च्या तारा पहिलीपासून प, ग, सा, ध, प, ग, सा, ध, म, सा अशा येतात. काही वादक पहिल्या तारेवर प ऐवजी रे ठेवतात. पहिली प ठेवली तर तारा सरळ उंचीच्या क्रमाने उतरत जातात, त्यामुळे हवायन गिटारवरून आलेल्या हाताला ती तारांची मांडणी लवकर उमगते. सा-ग-प आणि ध-सा-ग, म्हणजे मेजर आणि तिची जोडीची मायनर, या दोन्ही कॉर्ड मोकळ्या तारांत एकाच वेळी असतात आणि त्यासाठी पायाला काहीही करावे लागत नाही. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा खर्जाचा आहे. ई-९ ची दहावी तार जिथे थांबते, त्याच्या खाली जवळजवळ एक सप्तक सी-६ ची दहावी तार जाते. गायक नसताना वरच्या तारांवर चाल आणि खालच्या तारांवर आधार, असे दोन्ही एकटा वादक सांभाळू शकतो.

आपल्या १९५०-६०च्या दशकांतल्या अनेक चित्रपटगीतांचे वाद्यवृंद स्विंग आणि लॅटिन ढंगाने बांधलेले आहेत. त्यांत सिक्स्थ, नाइन्थ, सेव्हन्थ अशा भरीव कॉर्ड सतत येतात, आणि सी-६ ची पाच पेडल (प्रचारात त्यांना चौथे ते आठवे असे क्रमांक आहेत) नेमकी त्यासाठीच आहेत. एक उदाहरण देते: आठवे पेडल दाबले की खर्जात ध पासून उभी राहिलेली संपूर्ण सेव्हन्थ कॉर्ड मिळते. ई-९ वर तिचे तुकडे मिळतात, पण तो भरदार पाया मिळत नाही. व्हॅन शिपली किंवा हजारा सिंग यांची गिटारवरची चित्रपटगीते ज्यांनी मन लावून ऐकली आहेत, त्यांना वाद्याच्या आवाजाला वजन हवे असे वाटणे स्वाभाविक आहे.

कोमल नि, नि आणि रे मोकळ्या तारांत नाहीत ही उणीव मी मान्य करते. सातवे पेडल तिसऱ्या तारेवर सा चा रे आणि चौथीवर ध चा नि करते, त्यामुळे ती काही अंशी भरून निघते. पण जो वादक मुळातच बारने सुरावट काढतो, त्याला एकाच खुणेवर संपूर्ण सप्तक मिळण्याचे महत्त्व किती, याचा त्यांनी विचार करावा.

प्रश्नकर्ता : नौपाडा, ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. ताई, खर्जाचा मुद्दा अगदी योग्य आहे. परंतु आमच्या वाद्यवृंदात बास गिटार आणि सिंथेसायझर दोन्ही असतात, त्यामुळे खालचा पट्टा बहुधा भरलेलाच असतो. माझा आवाज त्याच्या वर स्वच्छ ऐकू येणे मला जास्त गरजेचे वाटते. गायकाविना वाजवायच्या गाण्यांसाठी मात्र तुमचे म्हणणे मनात राहील. आता दोन शंका उरल्या आहेत. १२ तारांचे युनिव्हर्सल घेतले तर हा पेच सुटतो का? आणि ई-९ च्या यादीत कोमल ध कुठेच दिसला नाही; भैरव अंगाच्या चालींचे काय करावे?

उत्तर : वागळे इस्टेट, ठाणे

मी वादक नाही. यंत्रकामाच्या व्यवसायात आहे आणि ओळखीच्या वादकांच्या पेडल स्टील खालून उघडून दुरुस्त करतो. म्हणून ट्युनिंगच्या प्रश्नाकडे खालच्या बाजूने पाहतो.

या वाद्यात प्रत्येक तार ब्रिजच्या जागी एका फिरत्या बोटावर टेकलेली असते. पेडल दाबले की आडवा दांडा फिरतो, त्यावरचा बेलक्रँक (दांड्यावर बसवलेला छोटा हात) ओढकांडी खेचतो, आणि ओढकांडी ते बोट पुढे किंवा मागे झुकवते; तार तेवढी ताणली जाते किंवा सैल पडते. प्रत्येक बोटाला ओढकांड्या अडकवण्यासाठी मोजकी छिद्रे असतात, चांगल्या वाद्यात बहुधा तीन चढवण्यासाठी आणि दोन उतरवण्यासाठी. शिकाऊ वाद्यांत ती कमी असतात, आणि तीन पेडल व एक-दोन लीव्हर यांपलीकडे काही बसवता येत नाही. वाशीच्या सरांनी सांगितलेला उभा लीव्हर तर तिथे बहुधा नसतोच, म्हणजे तीव्र म गेला. तेव्हा ट्युनिंगचे नाव ठरवण्याआधी वाद्य उलटे करून काढलेली छायाचित्रे मागवावीत आणि छिद्रे व लीव्हर मोजावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ई-९ घेऊन नंतर कधीतरी त्याचेच सी-६ करून पाहू, असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोपा नाही. ई-९ ची दहावी तार साधारण ०.०३६ इंच जाडीची असते आणि सी-६ ची जवळजवळ दुप्पट. म्हणजे तारांचा संच बदलावा लागतो, ओढकांड्या नव्याने टांगाव्या लागतात, आणि प्रत्येक पेडलचा प्रवास पुन्हा जुळवावा लागतो. कार्यक्रमांच्या मोसमात हे काम काढू नये.

युनिव्हर्सलबद्दल. १२ तारांच्या ई-९/बी-६ मांडणीत वरच्या आठ तारा ई-९ च्याच असतात. नवव्या जागेवरचा कोमल नि काढून तिथे प आणलेला असतो आणि खाली मंद्रातले ग, सा, प जोडलेले असतात. सा उतरवणारा लीव्हर दाबून धरला की संपूर्ण वाद्य बी-६ होते, म्हणजे ताईंचे सी-६ अर्ध्या स्वराने खाली. जेफ न्यूमन यांनी आपल्या शिकवणीतून या मांडणीचा पुष्कळ प्रसार केला. कल्पना उत्तम आहे, पण तिचा भार यंत्रावर पडतो. दोन्ही बाजूंची पेडल ठेवायची म्हणजे सात किंवा आठ पेडल लागतात, सा आणि ग च्या बोटांवर ओढकांड्यांची गर्दी होते, गेलेला कोमल नि परत मिळवायला नवव्या तारेवर वेगळा चढ द्यावा लागतो, आणि बी-६ मध्ये वाजवताना तो गुडघा अडकून राहतो. काही जण त्यासाठी अडकण बसवून घेतात. लोकलने नेण्याच्या वाद्यात जोडण्या जितक्या कमी तितके चांगले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या हवेबद्दलही दोन शब्द लिहितो. पावसाळ्यात खाडीकडच्या दमट हवेने वरच्या साध्या पोलादी तारा लवकर गंजतात, आणि गंजलेली तार नेमकी ब्रिजच्या बोटावर तुटते. त्यातही ई-९ ची तिसरी तार, सर्वांत बारीक आणि सर्वांत उंच स्वराची, आधी जाते. तिचे सुटे नग जास्तीचे मागवून ठेवावेत, वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि नटच्या (तारांच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) रोलरवर हलक्या तेलाचा एखादाच थेंब द्यावा. घट्ट ग्रीस मात्र लावू नये, कारण त्यात धूळ बसते आणि सोडलेले पेडल स्वराला पूर्ण मागे आणत नाही.

उत्तर : सीबीडी बेलापूर

वागळे इस्टेटच्या साहेबांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य मागणी नोंदवताना समोर ठेवण्याजोगे आहे. मी श्रुतीविषयी लिहितो, कारण ट्युनिंगचे नाव ठरल्यावर खरा कस तिथे लागतो.

दादांनी सिंथेसायझरचा उल्लेख केला आहे. त्याचा शुद्ध ग षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तंबोऱ्यातून ऐकू येणारा ग, म्हणजे ५:४ या प्रमाणातला, ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक एकेरी सुरावटीत बार किंचित मागे घेऊन भरून काढता येतो, कारण बारला खुणेचे बंधन नाही. परंतु पेडल स्टीलवर एका बारखाली तीन तारा वाजतात, आणि त्यांच्यातले परस्पर अंतर आधीच जुळवलेले असते. स्वर दाखवणाऱ्या ट्युनिंग मीटरवर सगळ्या तारा शून्यावर आणल्या तर लांबवलेल्या कॉर्डमध्ये ग थरथरतो. म्हणून अनुभवी वादक तिसरी आणि सहावी तार मीटरच्या खाली लावतात. ए पेडलचा ध साधारण १६ सेंट खाली जातो, आणि एफ लीव्हरचा स्वर त्या ध चा ग म्हणून वापरायचा असल्यामुळे जवळजवळ ३० सेंट खाली येतो. मीटरवर हे आकडे चुकीचे दिसतील, पण कानाला ते योग्य वाटतील.

याहून सूक्ष्म अडचण रे ची आहे. प शी पंचमभावाने जुळणारा रे षड्जापासून २०४ सेंटवर आहे. पण ए पेडलच्या उतरलेल्या ध शी जुळायला तोच रे १८२ सेंटवर हवा. आपल्याकडे श्रुतींच्या चर्चेत जे दोन शुद्ध रिषभ येतात, ते नेमके हेच. पहिली आणि सातवी तार एका वेळी एकच रे देऊ शकते. म्हणून काही कारागीर ए पेडलला एक जादा ओढकांडी जोडून रे किंचित उतरवण्याची सोय करतात. मागणी नोंदवताना याबद्दल अवश्य विचारावे.

सिंथेसायझर आणि हार्मोनियमबरोबर वाजवताना मात्र पूर्ण शुद्ध प्रमाणाचा हट्ट धरू नये. ग सात-आठ सेंटच उतरवावा, म्हणजे कॉर्डही गोड लागते आणि शेजारच्या वाद्याशी भांडणही होत नाही. पेडल दाबल्यावर लाकडी खोका ताणाखाली किंचित वाकतो आणि न बदललेल्या तारासुद्धा थोड्या उतरतात, त्यामुळे चौथी आणि आठवी तार, म्हणजे सा, मीटरच्या जराशी वर लावण्याची रीत आहे. सी-६ मध्येही हे सगळे प्रश्न आहेत, पण तिथल्या भरीव कॉर्ड मुळातच समान अंतरांच्या जवळ जाणाऱ्या असल्यामुळे ते कमी जाणवतात. ताईंच्या बाजूने हा एक मुद्दा नोंदवतो.

उत्तर : वाशी, सेक्टर १७

कोमल ध बद्दल. ए पेडल अर्धेच दाबले की प चा कोमल ध होतो, आणि काही वाद्यांवर त्या ठिकाणी पायाला अडथळा जाणवेल अशी सोयही करून घेता येते. तरीही भैरवासाठी मी ती सुचवणार नाही. कोमल रे हा सा च्या आणि कोमल ध हा प च्या बरोबर एक खूण पुढे आहे. बार एक खूण पुढे सरकवला की आठव्या तारेवर कोमल रे आणि पाचव्या तारेवर कोमल ध एकाच जागी मिळतात, आणि दोन्ही बारखाली असल्यामुळे त्यांचे आंदोलन आपल्या हाताला सवय आहे तसेच राहते. ग साठी मागे सहाव्या तारेवर यावे, तिथेच बी पेडलने म, आणि नि दुसऱ्या तारेवर. पेडल इथे फक्त ग-म पुरते.

ताईंचा खर्जाचा आग्रह ई-९ मध्ये पूर्ण होत नाही हे खरे आहे. पण सा उतरवणाऱ्या लीव्हरने बी-६ चा वरचा भाग १० तारांतही मिळतो, एवढे लक्षात ठेवावे. नववी तार टाळायची, पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी आणि आठवी घ्यायची. आणि त्यातच बी पेडल दाबले की प पासूनची सेव्हन्थ कॉर्ड तयार होते. स्विंग ढंगाचे तुकडे या भागात समाधानकारक वाजतात.

प्रश्नकर्ता : नौपाडा, ठाणे

सर्वांचे आभार. १० तारांचे ई-९, तीन पेडल, उभ्या लीव्हरसह पाच लीव्हर, प्रत्येक बोटाला तीन चढ आणि दोन उतार, आणि ए पेडलवर रे उतरवण्याची सोय, अशी मागणी मी लिहून काढली आहे. ताई, पुढच्या मोसमात वाशीला आमचा कार्यक्रम असेल तेव्हा आपण सी-६ घेऊन यावे, अशी विनंती आहे. गायकाविना वाजवायचे एखादे गाणे दोन्ही वाद्यांवर ऐकता येईल. एकच विचारायचे राहिले: सा उतरवणारा लीव्हर डाव्या गुडघ्याला ठेवावा की उजव्या?

उत्तर : वाशी, सेक्टर १७

दोन्ही मांडण्या प्रचारात आहेत. आपण डाव्या गुडघ्याला ठेवावा, एफ लीव्हरच्या विरुद्ध दिशेला. हे दोन्ही लीव्हर चौथ्या आणि आठव्या तारेवरच काम करतात आणि एकत्र कधीच लागत नाहीत, त्यामुळे एकच गुडघा डावीकडे सा चढवतो आणि उजवीकडे उतरवतो, ही दिशा पायाला लवकर पाठ होते. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. तो गुडघा दुसऱ्या तारेसाठी आणि पहिल्या तारेच्या कोमल ग साठी मोकळा राहू द्यावा.